पारधीचा तिसरा दिवस

१५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

ही वही वीणाने आणायला लावली. जूनमध्ये रजेवर गावी गेलो होतो तेव्हा तिने पाहिलं की मी झोपत नाही. काही विचारलं नाही. परत कुवेतला आलो आणि महिन्याभराने फोनवर म्हणाली, "तुमी नुसते हूं हूं करतात. माझ्याकडे बोलूचा नसात तर वहीत लिवा, पण खयतरी बोला." बायकोला असं बोलायला लागावं हे बरं नाही. हवल्लीच्या स्टेशनरीतून जाड पुठ्ठ्याची वही आणली. तीन महिने कोरीच होती.

आज लिहायला कारण आहे. आजपासून रेताडात तंबू लावायचा मोसम सुरू झाला. म्हणजे आमच्या पारधीचे दिवस जवळ आले.

पारध म्हणजे आमचा कॅम्प. आम्ही कोकणातली सुतार, वेल्डर, एसीवाली मंडळी, दर जानेवारीत गुरुवार ते शनिवार सुबियाच्या रस्त्याला रेतीत जाऊन राहतो. आमच्या वर्कशॉपच्या मालकाचा तिथे परवान्याचा कॅम्प असतो. त्याच्या नातवंडांच्या परीक्षा असल्या की तो रिकामा असतो, तेवढे तीन दिवस तो आम्हाला देतो. सोबत आमची धनुष्यं. प्रत्येकाने आपलं आपण केलेलं, राई या इथल्या कारखान्यांच्या भागातल्या वखारीतल्या लाकडाचं. खजुरीच्या झावळ्यांचं आणि गोणपाटाचं एक भेकर करतो आणि त्याच्यावर नेम धरतो. जिवंत काही मारायचं नाही हा पहिला नियम. इथे शिकारीला बंदी आहे म्हणून आणि पुंडलिकदादाने तसं ठरवलं म्हणूनही.

हे सगळं पुंडलिकदादाचं. गावात शिमग्याच्या पारधीला त्याचा आजा धनुष्य घेऊन पुढे असायचा. दादा राईच्या आमच्या वर्कशॉपमधला सगळ्यात जुना सुतार, मी त्याच्या हाताखाली रंधा धरायला शिकलो. २००७ साली आम्ही पाच जणांनी पहिली पारध केली. नंतर बारा-तेरा झालो. दादा आमचा गावकार. देवाला गाऱ्हाणं तोच घालायचा, वाटे तोच करायचा. मटणाचे वाटे शिकारीसारखे सारखे घालायचे, आणि जे नोकरी सोडून गावी गेले त्यांच्या नावानेही एकेक वाटा. ते वाटे कॅम्पच्या राखणदाराला द्यायचे.

गेल्या जानेवारीत पारधीच्या तिसऱ्या दिवशी दादा वारला. हार्टने.

यंदाही पारध करायची असं मी ठरवलंय. जशी तो करायचा तशीच. एकही नियम मोडायचा नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दर शुक्रवारी जेवणाआधी नर्मदावैनींचा फोन येतो. दादाच्या पत्नी. पहिले तीन-चार महिने मीच करायचो, आता त्या करतात.

आज आनंदाची बातमी होती. दादाच्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा रत्नागिरीला शाळेत शिक्षक आहे. तारीख मे महिन्यातली. प्राची मला लहानपणापासून काका म्हणते. तिच्या पहिल्या दप्तराचा कप्पा उसवला होता, तो मी रजेवर असताना शिवला होता.

मग वैनी म्हणाल्या, "भावजी, कन्यादान तुमी आणि वीणान करूचा. माझो भाव हा, पण माझ्या मनात तुमीच हास. शेवटपर्यंत तुमी तेंच्या बाजूक होतात."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

फोन ठेवताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं. "गाडीत काय बोलले?"

हे त्या सारखं विचारतात. मी म्हटलं, काही नाही वैनी, शांत होते. दादा गाडीत गेला हे त्यांना माहीत आहे. पिकअपमध्ये बसला आणि तिथे झोपेतच गेला, असं मी तेव्हाच सांगितलं होतं. वारा लागत होता म्हणून बसला, असं बाकीच्यांना सांगितलं. मग बोलणार कोणाशी? दुःखात माणूस एकच गोष्ट धरून बसतो.

त्याने सीटचा पट्टा लावलेला होता, एवढं मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

दोन आठवडे सगळ्यांना फोन केले. माणसं किती लवकर बदलतात. सावंतवाडीकडचे दोघे भाऊ म्हणाले, ओव्हरटाइम आहे. त्यांच्या कंपनीत सध्या ओव्हरटाइम नाही हे मला माहीत आहे. मालवणचा वेल्डर म्हणाला गुडघा दुखतो. राहुलने तर फोन उचलला नाही, मेसेज पाठवला, "सदाकाका, यंदा जमेल असं वाटत नाही." राहुल बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो, रुमैथियाला राहतो, पुण्याचा आहे. आमच्यात तसा तो वेगळाच, पण चार वर्षांपूर्वी माझ्या सोबत्याने, बाळाने, त्याला आणलं आणि दादाला तो आवडला. त्याचं पहिलं धनुष्य दादाने स्वतः बसून त्याच्याकडून करून घेतलं होतं. सहा वेळा मोडलं.

आणि आता जमत नाही. दादा होता तेव्हा महिनाभर आधी विचारायचे, काका कधी आहे, काका काय काय आणायचं.

बाळा माझ्याच खोलीत राहतो, एसीची कामं करतो, बावीस वर्षांची संगत आहे. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. "बघूया," म्हणाला, आणि चपात्या लाटत राहिला.

वर्कशॉपच्या पिकअपचा हॉर्न मी आज काढून टाकला. राईच्या रस्त्यावर दिवसभर हॉर्नच हॉर्न, निदान आपल्या गाडीचा तरी नको. गाडी आता बाळाच चालवतो, मी उन्हाळ्यापासून सोडली. काचेवरचा उजेड सोसत नाही. बाळा म्हणाला, "हॉर्न नसलो तर पोलीस मुखालफा लावतले." मी म्हटलं, दंड मी भरीन.

१३ डिसेंबर, शुक्रवार

बाळाने राहुलला खोलीवर जेवायला बोलावलं होतं. मला आधी सांगितलं नाही. सोलकढी, सुरमई, भात. राहुल नीट जेवला नाही.

जेवण झाल्यावर म्हणाला, "काका, मी येतो. पण एक नियम काढायचा."

"कुठला?"

"मानाच्या बाणाचा. हलायचं नाही, बोलायचं नाही, तो."

मानाचा बाण तिसऱ्या दिवशी सोडतात. लाल पिसांचा एकच बाण. दरवर्षी एकाची पाळी. बाण हातात दिल्यापासून सुटेपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. सोडणाऱ्याला हवा तेवढा वेळ. हा नियम दादाचाच. तो म्हणायचा, वर्षभर आमका कोण ना कोण हाकलता, ह्या एका माणसाक ह्या एका टायमाक तरी कोण हाकलूचो नाय.

मी राहुलला म्हटलं, "ज्याने तुला धनुष्य शिकवलं त्याचाच नियम काढायचा?"

"शिकवलं म्हणूनच म्हणतोय."

मी उठून बाहेर गॅलरीत गेलो. माझा आवाज वाढला होता. आत दोघं हळू बोलत होते. मला वाटतं राहुल रडला. तीस वर्षांचा माणूस एका नियमासाठी रडतो हे मला कळलं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आज वैनींचा फोन आला. प्राचीच्या साड्यांचं सांगत होत्या. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? रागावू नकात. वाटेत सिग्नलार थांबूक लागला काय?"

मी म्हटलं, "खंयच्या वाटेत?"

"इस्पितळाच्या. तेंका घेवन जाताना. माका सारखा वाटता, एखादो सिग्नल नसतो तर."

 त्या बोलतच राहिल्या. त्यांच्याकडे एक वाजला होता, त्या भात वाढत होत्या, आणि दादाचा फोन आला. छातीत जड वाटतंय, पण काळजी करू नको, सदा गाडी काढतोय, आता निघतो. त्या म्हणाल्या, जावा, पोचल्यार फोन करा. आणि ठेवला.

"तुमी होतात म्हणान मी ठेवलंय," त्या म्हणाल्या. "नायतर मी फोन ठेवलंय नसतंय."

म्हणजे अकरा महिने त्या मनात तो रस्ता धरून बसल्या आहेत. मी गाडी चालवतोय आणि दादा बाजूला बसलाय. त्या रस्त्यावर तो काय बोलला, हे त्या मला विचारत होत्या.

मी म्हटलं, "नाय वैनी, सिग्नल लागाक नाय."

मग रेंज गेली असं सांगून फोन बंद केला. रेंज गेली नव्हती.

२८ डिसेंबर

कामावर गेलो नाही. बाळा गेल्यावर लिहायला बसलोय. लिहितो.

२० जानेवारी, शनिवार. सकाळी नऊच्या सुमारास दादा माझ्याजवळ आला. मी बाणाचं टोक घासत होतो. सतरा वर्षांत मानाच्या बाणाची माझी पहिलीच पाळी. दोनदा आलेली, दोन्ही वेळा ज्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं त्याला मी दिली. दादा म्हणाला, "सदा, छातीत जड वाटता. गाडी काढतस?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तोंड जरा उतरलेलं होतं, पण आदल्या दिवशी तो चालला बराच होता. मी म्हटलं, "बाण सोडतंय आणि निघूया, दादा. अकरापर्यंत."

तो म्हणाला, "बरा."

एवढंच. परत म्हणाला नाही. त्याने गाऱ्हाणंही घातलं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. त्याचा आवाज बसला होता, सगळ्यांना वाटलं रेतीने. लाल बाण त्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मी गाडीत बसतंय. तू सोड, मगे जावया." किल्ली माझ्या खिशात होती. गाडी उघडी होती. त्याला इथलं लायसन्स कधीच मिळालं नाही.

मी बाण सोडला. तो भेकराच्या खांद्यात बसला. सगळे उठून ओरडले. नेम लागला की भेकराचं डोकं सोडणाऱ्याच्या वाट्याला, म्हणून बाळाने मला उचललं. मग मी गाडीकडे गेलो.

हे खरं आहे. पण सगळं नाही. आज एवढंच लिहवतं.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

वैनींचा फोन आला, उचलला नाही. गेल्या शुक्रवारीही उचलला नाही. त्यांनी मेसेज ठेवला, "भावजी बरे हास मा? थंडी सांभाळा." वीणाने विचारलं, वैनींचा फोन का घेत नाही. मी म्हटलं काम आहे.

पारधीला मला धरून सहा जण असणार आहेत. बाळाने काय सांगितलं कोण जाणे, सावंतवाडीचे दोघे आले, वेल्डर आला, राहुलही येतोय. मी विचारलं तर बाळा म्हणाला, "मी कायेक सांगूक नाय. सदाक एकट्याक सोडूचो नाय, एवढाच म्हटलंय."

मला राग आला. कोणी माझी कीव करून यावं असं मला नको होतं. पण आले हे बरं झालं.

१६ जानेवारी, गुरुवार. सुबिया

दुपारी पोचलो. थंडी खूप आहे, पण ऊन आहे. सगळं तसंच. तंबू, पाण्याची टाकी, जनरेटर. लांब डावीकडे दुसऱ्या कोणाचे पांढरे तंबू.

राखणदार झहूर भेटायला आला. तो पेशावरकडचा, नऊ वर्षं या कॅम्पवर आहे. दादाशी त्याचं छान जमायचं, दोघांना एकमेकांचं हिंदी अर्धंच कळायचं. बाळा गाडी लावायला निघाला, नेहमीच्या जागी, टाकीच्या पलीकडे. झहूरने हात आडवा केला. "उधर नहीं. इधर लगाओ." बाळाने विचारलं का. झहूर म्हणाला, "उस जगह मैं किसी को नहीं लगाने देता. साल भर से. मालिक का बेटा आया, उसको भी बोला, साहब, उधर नहीं."

 बाळाने गाडी तंबूच्या मागे लावली.

संध्याकाळपर्यंत भेकर बांधलं. झावळ्या वाळलेल्या होत्या, पाण्यात भिजवाव्या लागल्या. राहुलच्या हाताला आता चांगली सवय झाली आहे. मान त्याने बांधली, दादा बांधायचा तशी, जराशी मागे वळलेली, हाक ऐकून जनावर वळतं तशी.

बसायला गेलो तर सगळे आपापल्या जागी बसले आणि दादाची जागा मधोमध मोकळी राहिली. तिथे कोणी बसायचं नाही असं मीच सांगणार होतो. सांगावं लागलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर नेमाचा सराव. वेल्डरचा एक बाण रेतीत गेला. नियम असा की हरवलेला बाण सापडेपर्यंत कोणी जेवायचं नाही, सगळ्यांनी मिळून शोधायचा. एका रांगेत, हातभर अंतराने, वाकून चाललो. पाऊण तास लागला. पूर्वी या वेळी थट्टामस्करी चालायची, दादा वेल्डरला म्हणायचा, तुझो बाण मस्कतात गेलो. आज नुसती पावलं वाजत होती. बाण सापडला तो टाकीच्या पलीकडे, त्या जागेच्या कडेला. वेल्डरला जवळ जावं लागलं. त्याने बाण उचलला, थोडा उभा राहिला आणि परत आला. त्याचा चेहरा मी पाहिला. मला वाटायचं त्या जागेचं भय मला एकट्यालाच आहे.

दुपारी लांबच्या तंबूंकडून कोणाच्या तरी गाडीचा आवाज आला आणि आम्ही सहाही जणांनी एकदम माना वळवल्या. मग लगेच सगळे दुसरीकडे बघायला लागले.

उद्या तिसरा दिवस. यंदा बाण बाळाचा. गाऱ्हाणं मला घालायचं आहे.

१८ जानेवारी, शनिवार

जेवण झालंय, सामान भरायचं आहे. बाळा म्हणाला, तू बस, आम्ही भरतो. म्हणून तंबूत बसून लिहितोय, आठवतं तोवर.

दहा वाजता भेकरासमोर उभे राहिलो. नारळ ठेवला. गेल्या वर्षीसारखाच वारा होता. मी सुरुवात केली, दादा करायचा तशी.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज ह्या परमुलखात, ह्या रेतीत, तुझी लेकरां गोळा झाली हत."

"व्हय म्हाराजा."

"जो कोण घरापासून लांब हा, तेका सुखरूप घराक पोचव."

"व्हय म्हाराजा."

यानंतर 'चूक-भूल पदरात घे' असं म्हणायचं असतं. मी 'चूक' म्हटलं आणि पुढे भलतंच बोलायला लागलो. ठरवलं नव्हतं.

"गेल्या साली ह्याच दिवशी पुंडलिकदादान माका सांगलेला, छातीत जड वाटता."

"व्हय म्हाराजा," म्हणाले. सवयीने. दोघा-तिघांचाच आवाज होता.

"गाडी काढ म्हणान सांगलेला."

एकट्या वेल्डरने 'व्हय' म्हटलं आणि थांबला.

"मी काढूक नाय. माका बाण सोडूचो होतो. वारो पडाची वाट बघत मी वीस मिनिटां उभो रवलंय. आणि तेवढ्यात गाडीचो हॉर्न वाजलो. दोनदा. बारीक. मी आयकलंय म्हाराजा. दुसऱ्या तंबूवाल्यांचो म्हणान मी मनाक सांगलंय. पण माका आमच्या गाडीचो हॉर्न कळता."

कोणी 'व्हय' म्हटलं नाही. मी खाली बघत होतो. आता कोणीतरी मला मारेल असं वाटलं, आणि मारलं तर बरं असंही वाटलं.

बाळा म्हणाला, "मी पण आयकलंय."

मी वर बघितलं. त्याच्या हातात लाल बाण होता. "मी उठणार होतंय," तो म्हणाला. "पण नियम होतो. आणि तुझी पाळी सतरा वर्सांनी इल्ली. म्हटलंय, सदान सोडल्यार जावया."

"मीही ऐकला," राहुल म्हणाला. "मी बाळाकाकांकडे बघितलं. ते उठले नाहीत म्हणून मीही नाही." मग वेल्डर म्हणाला. सावंतवाडीच्या मोठ्या भावाने नुसती मान हलवली, धाकटा खाली बसला आणि त्याने तोंडावर टॉवेल घेतला.

सहाही जणांनी ऐकला होता. वर्षभर सहाही जणांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. ओव्हरटाइम आणि गुडघा म्हणजे काय होतं ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना वहीत काय काय म्हटलंय, ते आता खोडत नाही.

मग कोणी सांगितलं नाही, पण आम्ही निघालो. सगळे एकदम. टाकीला वळसा घालून त्या जागेकडे. मी पावलं मोजली. साठ भरली. एवढंच अंतर. त्या रिकाम्या जागेभोवती उभे राहिलो. झहूर लांबून बघत होता, तोही आला आणि त्याने आपल्या पद्धतीने दोन्ही हात पसरून काहीतरी म्हटलं.

बाळाने बाण सोडला नाही. मटण शिजवलं, वाटे घातले, दादाचा वाटा झहूरला दिला. जेवताना राहुल म्हणाला, "पुढच्या वर्षी यायचं का?" बाळा म्हणाला, "येवचा. पण कोणी बोलवल्यान तर उठाचा." यापुढे हाच पहिला नियम.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. यांनी माझी चूक वाटून घेतली, पण गाडी काढ हे तो मला एकट्याला म्हणाला होता. आणि ज्या बाईला सांगायचं ती इथे नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

वैनींना सांगितलं. सगळं. नऊ वाजता दादा काय म्हणाला, मी काय म्हटलं, पट्टा, हॉर्न. रस्ता नव्हता, सिग्नल नव्हते, मी गाडी काढलीच नव्हती हे सांगितलं. इस्पितळाची गाडी आली तेव्हा काही उरलं नव्हतं.

त्यांनी मधे एकदाच विचारलं, "पट्टो तेंनी स्वतः लायलो?"

मी म्हटलं, "व्हय."

"म्हणजे तुमी येतलास असा तेंका वाटा होता."

 त्यांनी फोन ठेवला.

३१ जानेवारी, शुक्रवार

फोन आला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन नाही. वीणाला सगळं सांगितलं.  मग म्हणाली, "जून महिन्यात माका सांगलां असतास तर मी तुमका तेव्हाच वैनीकडे घेवन गेलंय असतंय. दोन घरां सोडून तर रवतत." मग म्हणाली, वैनी परवा विहिरीवर भेटल्या, बोलल्या, पण माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

पिकअपला हॉर्न परत बसवला. बाळाने एकदा वाजवून बघितला. मी गाडीजवळच उभा होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेअकराला फोन वाजला. वैनी.

नमस्कार नाही, कसे आहात नाही. म्हणाल्या, "भावजी, कन्यादान माझो भाव करतलो."

मी म्हटलं, "बरा, वैनी."

"प्राचीक तुमीच सांगा. लग्नाच्या आधी येवन, समोर बसान. मी सांगूचंय नाय. ती काय म्हणात ता तुमी आयकाचा."

"सांगतंय."

"लग्नाक रवा म्हणाली तर रवा. नको म्हणाली तर जावा."

"व्हय."

 मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं आता ठेवतील. पण त्या म्हणाल्या, "वर्सभर मी तेंका त्या रस्त्यार बघी होतंय. तसलो रस्तोच नाय म्हणतात तुमी. मगे माका खरो दिवस होयो. सकाळपासून. तेंनी काय खाल्ल्यानी, काय घातलेला, कोणाकडे काय बोलले. कायेक सोडू नकात."

मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, सहाला उठले. थंडी होती म्हणून दोन स्वेटर घातले, वरचा तपकिरी, तुम्ही विणलेला. कोपरावर उसवला होता. त्या म्हणाल्या, "माका म्हाईत हा, मी सांगलेलंय आणा म्हणान." मग मी चहाचं सांगितलं. चहा त्या दिवशी दादाने केला होता. बाळाच्या कपात मुद्दाम साखरेऐवजी मीठ घातलं, दोन चमचे. बाळाला वाटलं दादाची चूक झाली, आता वय झालं, बोलून कशाला दाखवायचं. त्याने सगळा कप प्यायला, तोंड वाकडं न करता. दादा समोर बसून गंभीरपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "बाळा, साखर बरी झाली?" बाळा म्हणाला, "बरी झाली, दादा. जराशी जास्त झाली." तेव्हा दादा असा हसला की हातातला कप सांडला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आम्ही सगळेच.

वैनी हसल्या. वर्षभरात मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. "तेंची खोडी," त्या म्हणाल्या, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या बापाशीक पण तसोच चाय दिल्यानी."

मीही हसलो. मग दोघंही थांबलो.

"मगे?" त्या म्हणाल्या.

"मगे नऊ वाजले," मी म्हटलं, आणि पुढचं सांगायला लागलो.